मी पाय दाखवला नाही

आमचे हे गेले त्याला महिना होऊन गेला. त्या सकाळी मी बोंबील सुकत घालायला निघाले होते. हे खाटेवरून म्हणाले, "पाय दाव." मी म्हटलं, "उठवत नाय, तरी खोड जात नाय." दुपारी परत आले तर शेजारीण दारातच उभी होती...

साठ सालानंतर यांची पलटण शांतिसेनेतून आफ्रिकेत, काँगोत गेली. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी चौथी शिकलेली, पत्रं माझी मीच वाचायचे. लढाईचं त्यात काही नसायचं. डब्यातलं मटण, न वाळणारे मोजे, आणि दर पत्रात 'बूट चावतात'. सातपाटीच्या होडीवर वाढलेला माणूस, त्याला बूट कसे सोसणार? पहारा संपला की हे छावणीत अनवाणी फिरायचे. तिथल्या मातीतली पिसू नखाखाली शिरून अंडी घालते. ती पिनेने अख्खी काढावी लागते, राहिली तर पाय सडतो. यांना ते जमलं. पण यांचं बघून शेजारच्या खाटेवरच्या साताऱ्याकडच्या शिपायानेही बूट काढले. त्याने लाजेने पाय कुणाला दाखवला नाही. शेवटी त्याचं पाऊल कापावं लागलं. घरी आल्यावर ही गोष्ट यांनी एकदाच सांगितली, जेवताना. मग ताट तसंच सारून उठले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पिन घेऊन ओट्यावर बसायचे. घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे, मासळी विकून आलेल्या बायांचेसुद्धा पाय बघायचे. "काय फौजी, आज किती पिसवा मारल्या?" लोक विचारायचे. इथे ती पिसू नाही हे यांनाही ठाऊक होतं. तरी बघायचे. फक्त माझा पाय राहिला. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला तर पाप बायकोला, असं सासूने बजावलेलं. "मला नरकात धाडता काय?" मी म्हणायचे. "जा, पन बूट घालून जा," हे म्हणायचे.

परवा शिंगाळा माशाचा काटा माझ्या टाचेत घुसला. मुलगा बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून आला. म्हणाला, "आये, पालघरला डॉक्टरकडं चल." म्हटलं, उद्या बघू. यांचा सदरा अजून खिळ्यावर आहे, पिन त्याच्या खिशालाच टोचलेली. ती काढली आणि ओट्यावर त्यांच्या जागी बसले. गुडघा वाकत नाही, टाचेपर्यंत हात पोचत नाही. पाप लागलं असतं तर लागलं असतं...

पिन बाजूला ठेवली आणि पाय पुढे करून तशीच बसून राहिले.