टेपवरचे साडेनऊ इंच

ते शिंपीकाम करायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत. त्यांचं मशीन मी लावायचो. गळ्यातली टेप काढायला ते हमखास विसरत.

"बासष्ट. वजन जागच्या जागी आहे, मास्तर," मी दर वेळी सांगायचो.

एकदा त्यांनी टेप दंडाभोवती गुंडाळली. "तुझा काटा खूश आहे, पण हे बघ. अकराचे साडेनऊ झाले. माझेच शर्ट मला सारखे आत घ्यावे लागतात. असलं गिऱ्हाईक नको रे बाबा!"

"टेप सैल झाली असेल," मी हसून म्हणालो आणि वहीत बासष्ट लिहिलं. मांस झडतं, त्याची जागा पाणी घेतं आणि काटा तिथंच राहतो, हे मी शिकलेलो होतो. तरी पुढच्या खाटेकडे वळलो.

दीड महिन्यानं रक्ताचा रिपोर्ट आला; प्रथिनं फारच खाली गेली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी मास्तरांच्या बायकोला, काकूंना, त्यांच्या खाटेपाशी बोलावलं. काकूंनी पिशवीतून तेलकट कडांचा एक तक्ता काढला. डाळ अर्धी वाटी, अंडं आठवड्यातून एक.

"याच्यापेक्षा घासभरही जास्त दिलं नाही," त्या अभिमानानं म्हणाल्या.

"अहो, हा डायलिसिसच्या आधीचा! तेव्हा किडनीवर भार नको म्हणून प्रथिनं कमी होती. आता मशीनमधून थोडी वाहून जातात, म्हणून जवळपास दुप्पट लागतात. कुणी सांगितलं नाही?"

कुणीच नाही. मीही नाही.

काकूंनी तक्ता पुन्हा वाचला. "म्हणजे आठ महिने मीच यांना उपाशी..."

"कसला उपाशी!" मास्तर मध्येच म्हणाले. "दुकानाशेजारी रोज दोन उकडलेली अंडी हाणायचो. तुझ्या धाकानं बोललो नाही."

"मीठ लावून?"

"बिनमिठाची. तेवढी अक्कल आहे मला."

"लाज नाही वाटत!" काकू खवळल्या, आणि रडायच्या राहिल्या.

बाईंनी रिपोर्टकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि रिपोर्ट पालथा ठेवला.

मग काकू रोज डबा भरून देऊ लागल्या; पण मास्तरांची भूकच मेली होती. दोन महिन्यांनी साधा खोकला छातीत उतरला. झुंजायला अंगात काही उरलं नव्हतं.

कागदपत्रं न्यायला काकू आल्या, तेव्हा दाराशी थबकल्या.

"खरं सांग, बाळा. ते चोरून खायचे?"

मला तो दंड आठवला.

"हो, काकू," मी म्हणालो. "कधीकधी माझ्यासाठीही आणायचे."