पोलादपूरचं माहेर

आमच्या घरात एक गोष्ट साठ-पासष्ट वर्षं चुकीची सांगितली जात होती. लग्नानंतर माझ्या बायकोला पोलादपूरला एक बाई भेटली, तिने हिला मुलगी मानलं आणि पुढे ती हिला विसरून गेली, अशी ती गोष्ट. मागच्या वर्षापर्यंत मुलींना आणि नातवंडांना हीच ठाऊक होती. यातलं विसरण्याचं खोटं आहे, आणि ते माझ्यामुळे घरात आलं. मी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. खरं काय ते लिहून ठेवतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती तेव्हा माझं लग्न झालं. आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि मी एका मिलच्या हापिसात कारकून होतो. बायको गिरगावातली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि काकांनी तिला वाढवलं होतं. लग्नानंतर मुलीला मांडवपरतणीला माहेरी नेतात. काकांचा निरोप आला, "सध्या जागेची अडचण आहे, पुढे बघू." ते पुढे कधी आलंच नाही.  चाळीतल्या बायकांनी विचारलं की "जायचंय ना" एवढंच ती म्हणायची.

लग्नानंतर आमच्या गावच्या देवीला जायचं होतं. गाव चिपळूणच्या पलीकडे. आईला बोट लागायची, म्हणून मामाने आपली टॅक्सी काढली. मुंबईबाहेर न्यायची परवानगीही त्यानेच कशीबशी मिळवली. वडिलांना रजा नव्हती. मामा, आई, ती आणि मी असे चौघं निघालो. जाताना सगळं नीट झालं. परत येताना, कशेडी घाट उतरून पोलादपूरच्या वेशीशी पोचतो न पोचतो तोच गाडीचा मागचा ॲक्सल तुटला.

आई मामावर बरसली. "तुझ्या टॅक्सीपेक्षा बैलगाडी बरी होती रे."

"ताई, घाटात तुटला असता तर हे बोलायला तू उरली नसतीस. देवीचे आभार मान आणि गप बस."

भर उन्हात आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. समोर एक किराणा दुकान होतं. दुकानातून पन्नाशीची एक बाई बाहेर आली. डोक्यावरून उजवीकडे घेतलेला पदर, कपाळावर लहानसं कुंकू. पातळ नेसण्याच्या तऱ्हेवरून गुजराती आहे हे दुरूनच कळत होतं. बोलली ती मात्र थेट आमच्या आईच्या बोलीत.

"हिरवा चुडा भरलेली पोर अशी धुळीत बसवतात व्हय? चला वर. उन्हात कशाला बसलाव?"

आईने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच. माझे सासरे या घरात जन्मले. तुमचं मूळ गाव दाखवायला तुम्हाला टॅक्सी लागते, मी आपली जिन्यावरून उतरते."

ॲक्सल मुंबईहून आणावा लागणार होता. मामा एसटीने गेला, आणि आम्ही त्या दुकानाच्या माडीवर तीन दिवस राहिलो. बाईंचे यजमान अबोल होते, मुलं झालेली नव्हती. सगळे त्यांना बा, म्हणजे गुजरातीत आई, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. आईच्या पिशवीत गावाहून आणलेली सुकट होती. शाकाहारी घरात ती कुठे लपवावी हे तिला कळेना. पहिल्याच संध्याकाळी बा म्हणाल्या, "विहीणबाई, ती तुमची पिशवी परसातल्या उंच खुंटीला टांगा. माझं काही नाही, पण गावातली मांजरं माझ्या दारात उपोषणाला बसतील." आई लाजली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

विहीणबाई त्या उगीच म्हणाल्या नव्हत्या. दुपारी आईकडून त्यांना मांडवपरतणीचं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या बायकोला पाटावर बसवून डोक्याला तेल घातलं, न्हायला घातलं, केस विंचरले. मी माडीवरून पाहत होतो. ती रडत होती आणि बा तिच्या केसांतला गुंता सोडवत म्हणत होत्या, "रड पोरी. माहेरी आल्यावर रडायचं असतं, सासरी जाताना हसायचं." तिसऱ्या दिवशी मामा आला, गाडी दुरुस्त झाली. बांनी तिची ओटी भरली, आईला खण दिला आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, पहिला दिवाळसण इथे. विसराल तर मी येईन."

पेणपर्यंत ती मागे वळून बघत होती. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझी मांडवपरतणी झाली." लग्नानंतर ती माझ्याशी इतकं मोकळं पहिल्यांदाच बोलली.

चाळीत मी चळवळीचं काम करायचो. फलक रंगवायचे, सभेला माणसं जमवायची. मुंबई कोणाची यावरून तेव्हा रोज डोकी तापत. भाषणांत राग होता तो मुंबई द्यायला नकार देणाऱ्यांवर, पण चाळीच्या तोंडाशी बोलताना तो सरसकट गुजराती माणसावर निघे. मीही तसंच बोलायचो, आणि आवाज चढवून. दिवाळीआधी बांचं पोस्टकार्ड आलं. बायको सामान बांधायलाच निघाली. मी सांगितलं की रजा नाही. रजा होती. गुजराती घरी दिवाळसणाला गेलो हे चाळीत कळलं तर काय, या भीतीने मी गेलो नाही.

दिवाळीनंतर महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, आम्ही पाच-सहा जण चाळीच्या दरवाज्यात बसून मोर्च्याचे फलक रंगवत होतो. व्हिक्टोरिया घोडागाडीतून एक बाई उतरली. हातात पितळेचा मोठा डबा, बरोबर कोणी नाही. माझ्याकडे पाहून तिचा चेहरा फुलला.

"जावईबापू! सापडलाव एकदाचे!"

माझ्या शेजारचा हातातला कुंचला खाली ठेवून ओरडला, "अरे, जावईबापू काय? गुजरातेत सोयरीक केलीस काय रे? म्हणजे मुंबई हुंड्यात देऊन टाकलीस वाटतं!"

सगळे हसले. त्या हसण्यात राग नव्हता, हे आज कळतं. मी "हो, सासूच आहे माझी" म्हटलं असतं तर आणखी थोडे हसले असते आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी डबा उचलून तिसऱ्या मजल्यावर पोचवला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "माणूस चुकला तुमचा, बाई. मी नाही तो."

बांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या भोवतीच्या मुलांकडे, फलकांकडे. त्यांना सगळं समजलं. दुसरी कुणी असती तर तिने तिथेच माझी अब्रू काढली असती, आणि ते योग्य झालं असतं. बा मुलांना म्हणाल्या, "चुकलंच माझं. डोळे गेले बघा माझे. पुढची चाळ असेल." माझी लाज त्यांनी राखली. डबा कमरेवर घेऊन त्या परळच्या दिशेने चालू लागल्या. व्हिक्टोरिया निघून गेली होती.

माझी बायको त्या वेळी वर घरात होती. एक हाक मारली असती तर सज्जात आली असती. मी फलकावरचं अक्षर पुरं केलं.

पुढच्या काळात तिने माझ्याकडून बांना दोन पत्रं लिहून घेतली. तिचं अक्षर कच्चं होतं, म्हणून ती सांगायची आणि मी लिहायचो. दोन्ही पत्रं मी पेटीत टाकली नाहीत. बांनी उत्तरात ती दुपार लिहिली तर, या धास्तीने. उत्तर येईना तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्या घरी किती येणारे-जाणारे. कोणाकोणाला लक्षात ठेवतील?" त्यानंतर ती त्यांच्याबद्दल भूतकाळात बोलू लागली. पंचवीस वर्षांनी मी एकटाच पोलादपूरला जाऊन आलो. दुकान दुसऱ्याचं झालं होतं, आणि बा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मागच्या वर्षी एका सकाळी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पत्रांचंही. तिने मेथी बाजूला सारली. दुपारी जेवली नाही.  दुसऱ्या दिवशी चहा समोर ठेवून विचारू लागली.

"काय नेसली होती?"

"जांभळं पातळ होतं."

"अंगाने वाळली होती का?"

"थोडी."

"डब्यात काय होतं?"

"उघडला नाही त्यांनी."

"एवढा डबा घेऊन एकटी आली," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पाणी तरी विचारलंत का हो तिला?"

"नाही."

त्यानंतर आठ दिवस ती मला तेच तेच विचारत राहिली. व्हिक्टोरिया कुठे थांबली, कोणत्या हातात डबा होता, जावईबापू नेमकं कसं म्हणाली. मी दर वेळी सगळं सांगितलं. तिचं विचारणं मला शिक्षेसारखं वाटत होतं. पण सांगता सांगता लक्षात आलं की ती मला शिक्षा करतच नव्हती. तिला तिच्या आईची भेट हवी होती, आणि ती फक्त माझ्याकडे होती.

नवव्या दिवशी तिने थोरल्या मुलीला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. तिचा आवाज इतका चढलेला मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"अगं ऐक, माझी बा विसरली नव्हती मला. दिवाळसण घेऊन दारापर्यंत आली होती, एवढ्या लांबून. तुझ्या बाबांनी वर येऊ दिली नाही."

मग धाकटीला फोन झाला, मग गिरगावातल्या चुलतभावाच्या सुनेला, मग खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला. प्रत्येक वेळी तीच दोन वाक्यं, पहिलं अभिमानाने आणि दुसरं माझ्या खोलीकडे बघत. आता घरी कोणी आलं की चहाबरोबर ती हे सांगते. पाहुणे अवघडून माझ्याकडे पाहतात, आणि मी मान हलवून म्हणतो, खरं आहे, मी वर येऊ दिली नाही.