दोन बोटांची फट

सकाळी डोळे उघडले की मला सगळ्यात आधी भीती वाटायची ती जमिनीची. बाजेवरून पाय खाली सोडायचा आणि उजवी टाच भुईला टेकवायची, एवढंच करायचं असे. पण त्या पहिल्या पावलाला बाभळीचा लांब काटा टाचेतून थेट पोटरीपर्यंत शिरल्यासारखं होई. भिंत धरून दहा-वीस पावलं चाललो की कळ ओसरायची, आणि वावरात थोडा वेळ बसून उठलो की पुन्हा तीच. बायकोनं सुईनं टाच कोरून पाहिली. मग न्हाव्यानं नखं काढायच्या नराणीनं कोरून पाहिली. काटा निघाला नाही, रक्त तेवढं निघालं. न्हावी हात पुसत म्हणाला, "टाचेत काई नाई बाप्पा. तुह्या मनातच असंन काटा तं पाह्य." तो थट्टेनं बोलला होता, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण मनात काय आहे ते मला ठाऊक होतं.

ते आज लिहून टाकतो. आमच्या रिठदमध्ये माझ्या पायाला मान होता. कुणाचा गोठा बांधायचा असो, दोन भावांत वावराची वाटणी असो, माणसं मला बोलवायची. मी एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत, टाच-अंगठा, टाच-अंगठा करत सरळ रेषेत चालायचो आणि मोजायचो. माझं माप कुणी पुन्हा मोजत नसे. माझे थोरले बंधू, दादा, तापानं गेले, तेव्हा मागं वहिनी आणि तिची पोर राहिली. वहिनीच्या माहेरच्यांनी वाटणी व्हावी असं म्हटलं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. ते सरकारी मोजणी आणायला निघाले होते. वहिनीच म्हणाली, "कायले? भाऊजीचा पाय हाय ना."

वखरून मऊ केलेलं काळं वावर होतं. वहिनी दूर विहिरीपाशी बसली होती. मी एकटाच मोजायला लागलो. सबंध वावराची रुंदी मोजताना प्रत्येक पावलाला मी टाच आणि अंगठा यांच्यामध्ये दोन बोटांची फट सोडत गेलो, म्हणजे पावलं कमी भरली. त्याचं निम्मं काढलं, आणि वहिनीचा वाटा मोजताना मात्र टाच अंगठ्याला घट्ट चिकटवली. उरलं ते माझं. अशी सोळा-सतरा हात रुंदीची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मधे धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला आणि ती कायमची झाली. का केलं, ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. घरात खायला होतं. पहिली फट नकळत पडली असेल असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पहिली पडली असेलही. पुढच्या सगळ्या मी पाडल्या.

त्यानंतर पाचव्या वर्षी टाच धरली, आणि तीही फट पाडणाऱ्या पायाची. मग मला शंका उरली नाही. आमच्या घराची भक्ती वाशीमच्या बालाजीवर. मी पाच शनिवार अनवाणी चालत दर्शनाला येईन असा नवस बोललो. आता लिहिताना लाज वाटते, पण देवाला मी टाच सांगितली, पट्टी सांगितली नाही. मला वाटलं, एवढं सोसतो आहे तर त्यातच ते फिटेल. खरं सांगायचं तर कळ उठली की आत कुठेतरी बरंही वाटायचं. शिक्षा चालू आहे, म्हणजे वेगळं काही करायला नको.

पहिल्या शनिवारी जाऊन आलो. दुसऱ्या शनिवारी काठी घ्यावी लागली. तिसऱ्या शनिवारी वाशीमच्या निम्म्या वाटेतच, एका नाल्याकाठी, लिंबाखाली, मी खाली बसलो आणि मला उठताच येईना. ऊन वर आलं होतं. समोरून तट्टावर बसून एक म्हातारा येत होता. खोगिराला हातोडी, सांडशी आणि दोराचं भेंडोळं लटकलेलं. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा नालबंद होता तो. माझ्याकडे न बघता त्याने माझ्या पायाकडे बघितलं, खाली उतरला, आणि बैलाचा खूर धरतात तसा माझा पाय दोन गुडघ्यांत धरून टाचेच्या आतल्या अंगाला अंगठा दाबला. मी ओरडलो.

"इथंच ना? सकायी उठतानी जास्त, मंग कमी?"

मी थक्क झालो. कुणी सांगितलं, मी विचारलं. तो हसला. "कोन सांगते? बैल रातभर बसला का सकायी तोबी लंगडतेच. काटा नाई हा बाप्पा. तळव्याखाली दोरी असते, ते आखडली तुही. अन् तू अनवानी काहून हिंडून राह्यला अशा पायानं?"

मी नवसाचं सांगितलं. मग काय झालं कोण जाणे, अनोळखी माणसासमोर जीभ सुटली आणि मी म्हणालो, पाप केलंय म्हणून ही टाच आहे. तो चिलीम भरू लागला.

"टाचेचं टाचेपाशी, पापाचं पापापाशी," तो म्हणाला. "टाच मले समजते, थे सांगतो. दुसरं ज्याचं हाय त्याले जाऊन सांग. बालाजीले तुही टाच घेऊन काय करा लागते? त्याच्यापाशी कमी हायेत का लंगडे?"

मग त्याने सांगितलं ते असं. सकाळी पाय खाली टाकायच्या आधीच, बसल्या बसल्या, दुपट्टा बोटांच्या मागून घालून पंजा आपल्याकडे ओढायचा, पोटरी ताणली जाईपर्यंत, आणि तसाच धरून ठेवायचा. दिवसातून दोनदा भिंतीला हात लावून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच भुईवरून न उचलता पोटरी ताणायची. हातोडीचा गोल दांडा माझ्या तळव्याखाली ठेवून त्याने तो मागे-पुढे फिरवायला लावला. घरी वरवंट्यावर फिरव म्हणाला. आणि जाड तळाच्या वहाणेशिवाय, घरातसुद्धा, पाऊल टाकायचं नाही. "दोन-तीन महिने लागतीन. घाई केली तं पुना येथीसाच बसशीन." खोगिराखालच्या नमद्याचा, म्हणजे त्या जाड लोकरी कापडाचा, टाचेएवढा तुकडा कापून, वहाणेत टाचेखाली घालायला, त्याने माझ्या हातावर ठेवला. मग मला तट्टावर बसवून, स्वतः लगाम धरून, रिठदच्या दिशेनं चालू लागला.

मी म्हणालो, नवस मोडेल. तो मागे न बघता म्हणाला, "मोडू दे. टाच नोको मोडू."

गावात बैलांना पत्र्या ठोकून तो गेला तो गेलाच. नेहमीचा नालबंद आजारी होता म्हणून त्या एका दिवसापुरता हा आला होता, एवढंच मागाहून कळलं. कुठला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात चमत्कार होता असं मी म्हणत नाही. पण बालाजीच्या वाटेवर मला आडवा यायला त्या दिवशी तोच निघाला होता, हे मला विसरता येत नाही.

मी भीत भीत सांगितलं तसं करत गेलो. नवस मोडला होता, म्हणजे आता दुखणं दुप्पट व्हायला हवं होतं. झालं उलटं. पंधरा दिवसांत पहिलं पाऊल सोसवू लागलं, दीड महिन्यात काठी सुटली, आणि एका सकाळी मी बाजेवरून उतरून थेट विहिरीपर्यंत गेलो तेव्हा मधेच लक्षात आलं की दुखलंच नाही. मी जागच्या जागी उभा राहिलो. आनंद झाला नाही. देवानं शिक्षा काढून घेतली होती, आणि मी तर अजून काहीच परत केलं नव्हतं. मग ती शिक्षा नव्हतीच की काय? इतके दिवस दुखण्याच्या आड लपून बसलो होतो. आता दुखणं गेलं आणि मी उघडा पडलो.

त्याच आठवड्यात चार मोठी माणसं घरी आली. गावात भूदानाची सभा झाली होती, दोघातिघांनी जमीन देऊ केली होती. "आता पाय बरा झाला तुमचा, तं तुकडे तुमीच मोजून द्या. तुमच्या पायावर कोनी बोट ठेवनार नाई." मी उद्या सांगतो म्हणालो, आणि ती गेल्यावर तसाच वहिनीच्या दारात गेलो.

ती ज्वारी पाखडत होती. मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. सुपाचा आवाज थांबला नाही. मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही. मग ती म्हणाली, "ठाव हाय मले."

"कसं?" मी विचारलं.

"तुमी मोजून घरी गेलते, अन् मी वावरात आली. मऊ माती, छापल्यावानी पावलं उमटलेली. सुरवातीच्या वळीत फट, माह्या वाट्याच्या वळीत फट नाई. अडानी असली म्हून इतकं दिसत नाई का भाऊजी?"

"मंग काहून नाई बोलल्या?"

"संध्याकाळी माहे भाऊ पाह्याले येनार होते वावर. त्याइनं पाहिलं असतं तं गावानं तुमच्या तोंडावर थुकलं असतं. हे गेलते. याइच्या मागं याइच्या भावाचं नावबी जाऊ देऊ?" ती सूप आपटून कोंडा उडवत राहिली. "कुपाटीची बोरीची फांदी ओढली अन् सारी पावलं पुसून टाकली. एक काटा मोडला पायात, तेवढंच. दोन महिने लंगडली मी. तुमी इचारलंबी होतं, पायाले काय झालं म्हून."

मी विचारलं होतं. मला आठवलं. विहिरीवर, घागर भरताना. मी विचारलं होतं आणि पुढे निघून गेलो होतो. रडूही आलं नाही. कानात नुसता सुपाचा आवाज.

दुसऱ्या दिवशी त्या चौघांना मी वावरात बोलावलं, केलं ते सांगितलं, आणि त्यांच्यासमोर मोजून धुरा मागे सारला. भूदानाचे तुकडे त्यांनी दोरीनं मोजले. तेव्हापासून गावात मला मोजायला कुणी बोलवत नाही, आणि ते बरोबरच आहे. वहिनी मात्र रागावली. धुऱ्यापाशी येऊन, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मी येवढं पुसलं, अन् तुमी पुना छापून बसले." आणि मग, सगळ्यांसमोर, हसली.

पुढच्या शनिवारी मोटारीनं, वहाणा घालून, वाशीमला गेलो. देवळाच्या पायरीशी वहाणा काढल्या, आत जाऊन हात जोडले आणि मागायला काहीच आठवलं नाही. देवाला मी वेदना द्यायला निघालो होतो. त्याने ती घेतली नाही, परत पाठवली, आणि जे मी लपवून ठेवलं होतं तेवढंच माझ्याकडून काढून घेतलं. शरण जाण्याहून अवघड मला काही वाटत नाही. आणि ते जमल्यावर त्यात माझं असं काही होतं, हेही वाटत नाही.

सकाळी पाय भुईला लावण्याआधी मी अजून दुपट्ट्यानं पंजा ओढून धरतो आणि तेवढा वेळ बालाजीचं नाव घेतो. नालबंदाचा नमदा यंदा झिजून गेला. तो फेकताना वहिनीनं पाहिलं असावं. संध्याकाळी तिची पोर येऊन एक पुडकं देऊन गेली. त्यात दादांच्या जुन्या घोंगडीचा, टाचेच्या मापानं कापलेला, तुकडा होता. त्यावर टाच टेकवून मी चालतो.