कागदावर शून्य

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सरकार जवळ आलं. आलं खरं, पण आमच्याकडे पाठ करून बसलं. औशाजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीचा टँकर दुष्काळात आधी गावच्या विहिरीवर मोकळा व्हायचा आणि तळाशी उरलेला गाळ घेऊन आमच्याकडे यायचा. म्हणून माझ्या आत्यानं ठरवलं, पंचायत समितीवर निवडून जायचं आणि टँकर आधी वस्तीवर आणायचा. आत्या रोजानं खुरपायला जायची, पण बोलायला लागली की ग्रामसेवक चहा टाकून उठायचा.

त्याच सुमारास एक्क्याण्णवची जनगणना आली. मी प्राथमिक शिक्षक. देशात माणसं, गुरं, मतं, काहीही मोजायचं असलं की सरकारला आमचीच आठवण येते. आमचंच गाव माझ्या वाट्याला आलं. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहून मी आत्याला विचारलं, “जात?”

“माज्या बापानं छप्पन सालीच टाकून दिली. तू कशाला उचलून आनतूस?”

मला भरून आलं. बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरायचं ठरलं होतं, पण त्यासाठी जात लिहावी लागेल, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. मला ते नीट कळलंही होतं. पण अंगात बाणेदारपणा शिरला की माणूस सूचना वाचत नाही. अख्ख्या वस्तीच्या जातीपुढे मी पट्टी लावून सुबक रेघा मारल्या.

शेजारच्या गावाच्या मोजणीला एक सवर्ण गुरुजी होते. ते तिथल्या वस्तीत फिरकलेच नाहीत. पाटलाच्या ओसरीवर बसून, कुणाला काही न विचारता, सगळ्यांच्या जाती त्यांनी पाढे म्हटल्यासारख्या लिहून काढल्या. त्यावर मी चौकात तावातावानं बोललो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

मग नव्या आकड्यांवरून पंचायत समितीचे मतदारसंघ, म्हणजे गण, पुन्हा आखायला घेतले. अनुसूचित जातींची संख्या जिथे जास्त तो गण राखीव. गुरुजींचा गण राखीव झाला. आमचा सर्वसाधारण.

आमचं गाव त्या राखीव गणात घाला, अशी हरकत घेऊन आत्या मला लातूरला घेऊन गेली. कचेरीला रंगाचा वास होता आणि माठ कोरडा होता. साहेबांनी नकाशावर पेन्सिल ठेवली.

“मावशी, हद्द हलवायला कारण लागतं. कागदावर तुमच्या गावात अनुसूचित जातीचा एकही माणूस नाही.”

“न्हाई? मंग टँकरवाल्याला कसं कळतंय, शेवटी कुठं यायचं त्ये?”

साहेबांनी कागद खालीवर केले. आता पुढच्या जनगणनेशिवाय आकडा बदलणार नाही म्हणाले, आणि मोजदाद कुणी केली ते विचारलं.

मी पुढे झालो नाही. मला लाज वाटली, आणि नोकरीची भीतीही वाटली. आत्याच म्हणाली, “ह्यानं केली. म्या सांगितलं तसंच लिवलंय त्येनं.”

परतीच्या एसटीत औसा आल्यावर तिनं हरकतीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “सर्वसाधारन म्हंजी कुनाचं?”

“सगळ्यांचं.”

“मंग भर माजा अर्ज.”

अर्ज भरला. प्रचारात गावानं तिला ओसरीच्या खालून का होईना, चहा दिला. लई शहाणी बाई म्हणाले. तुमच्यासारखंच माणूस पाहिजे म्हणाले. मला खरं वाटलं, मी शिकलेला ना.

निकालाच्या दिवशी गावच्या पेटीतून तिला वस्तीची तेवढी मतं निघाली. वस्तीबाहेरचं एकही नव्हतं. जातीच्या रकान्यात मला लिहायचं जिवावर आलेलं ते नाव गावानं मताच्या शिक्क्यानं उमटवून दाखवलं होतं, बिनचूक, कुणालाही न विचारता.