पोरानं घेतलेलं सदऱ्याचं कापड

माझी नोकरी सुटल्यापासून बाबांच्या पेन्शनचं एटीएम कार्ड माझ्याच पाकिटात असतं आणि माझं घर त्यावर चालतं. बेचाळिशी उलटली तरी. दिवाळीला बाबा लासूर स्टेशनहून आले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांना सदऱ्याचं कापड घ्यायला गुलमंडीवर नेलं. दुकानदार कापड फाडत होता. बाबा त्याला म्हणाले, "मी नको म्हणत होतो, पण पोरगं लई हट्टी. घेऊनच देतो म्हणलं."

मी खाली मान घालून त्यांचंच कार्ड मशीनला लावलं. लगेच बाबांच्या खिशातला साधा फोन वाजला. पैसे कापल्याचा मेसेज. दुकानदारानं वर पाहिलं.

बाबांनी खिशावर हात दाबला. "कंपनीवाले," ते त्याला म्हणाले, "दिवसभर नुसतं डोकं खातेत."