आधी बोटं दाखव

आमच्या घरात वेळेवर यायची ती फक्त अक्काची भाकरी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. सुताच्या तुसानं त्यांची छाती भरली आणि ते खोकत घरी बसले. आई माझ्या लहानपणीच गेलेली. अक्का माझी थोरली बहीण. तिनं शाळा सोडली आणि कारखान्यातल्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली. मी मात्र शिकायचं, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. 'दोघींनी भाकऱ्या थापून कुणाचं भलं हुणार हाय?' एवढाच तिचा खुलासा. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले ती त्या भाकऱ्यांवर. गेल्या महिन्यात मी प्रयोगशाळेत असताना तिच्या स्वयंपाकघरातल्या गंगूबाईचा फोन आला, 'ताई, अक्का उठंनात...' झोपेतच गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, काय चव होती हो तिच्या हाताला! होतीच. पण मला सांगायचंय ते त्याच हातानं माणसं आजारी पडली त्या दिवसाबद्दल, कारण मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान त्या दिवसाचा वाटतो.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. खंडेनवमीला कारखान्यात मागांची पूजा असते. त्या वर्षी मालकांनी सगळ्यांसाठी अक्काकडून बटाटेवडे मागवले. इतकी मोठी ऑर्डर पहिलीच, त्यामुळं अक्का हवेत. तिच्या बोटाला नखुरडं झालं होतं, ठणकत होतं. आमच्याकडं नखुरड्याला लिंबू घालतात, तसं बोटावर लिंबाची टोपी घालून ती घरभर फिरत होती. संध्याकाळी लिंबू काढून ठेवलं, हात धुतला आणि उकडलेले बटाटे हातानं कुस्करले. सारणाचं पातेलं चुलीच्या उबेलाच रात्रभर झाकून राहिलं. सकाळी वडे तळले, कढईतून थेट डब्यात... आणि दुपार व्हायच्या आत कारखान्यात एकामागून एक माणसं ओकायला लागली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी सगळे हिंडते-फिरते झाले, पण गल्लीनं तोवर निकाल देऊन टाकला होता, सारणात पाल पडली! शेजारणींनी उरलेलं सारण परातीत पसरून चिवडून बघितलं. पाल काही सापडली नाही. अन्न तपासणीवाले आले, ते सारण बरणीत भरून घेऊन गेले.

मी अक्काला जवळ बसवलं. खाल्ल्यावर दोन-तीन तासांतच उलट्या, ताप नाही, आणि हे बोट... मला वर्गातला धडाच समोर दिसत होता. 'अक्का, नखुरड्यात जो पू असतो ना, त्यात स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. ते सारणात गेले, उबेला रात्रभर वाढले आणि त्यांनी विष सोडलं.'

'अगं पण उकळत्या तेलातनं काढलेत की वडे! त्यात कुटला जंतू जगतोय?'

'जंतू मरतो. त्यानं सोडलेलं विष तळूनसुद्धा जात नाही.'

तिनं बोट उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, 'स्टाफ म्हन की. माज्या स्टाफनं त्यांचा स्टाफ पाडला.' पण हसली नाही.

तेवढ्यात नरसय्यामामा आले. कारखान्यातले जुने कामगार, अण्णांचे दोस्त, स्वतः दोन वडे खाऊन सलाईन लावून आलेले. आवाज खोल गेला होता. म्हणाले, 'पाल पडली म्हणून सांग, पोरी. मालकबी ऐकतेत. पाल काय कुणाला इचारून पडतीय व्हय? डबे चालू ऱ्हातील तुजे.' डबे चालू राहणं म्हणजे अण्णांचं औषध आणि माझं शेवटचं वर्ष. अक्कानं माझ्याकडं वळून विचारलं, 'पाल म्हनलं, तर हे परत हुईल का?'

'बोट परत पिकलं तर होईल.'

'मंग पालीचं नाव घिऊन काय उपेग?'

दसरा झाल्यावर कारखाना उघडला, त्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी ती कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. सायकली काढणाऱ्या माणसांसमोर बोट वर धरलं आणि म्हणाली, 'पाल न्हाय पडली. माजं बोट पिकलं हुतं, त्या हातानं मी बटाटं कुस्करलं. चूक माजी हाय.' कुणी शिव्या घातल्या, कुणी मान फिरवून निघून गेलं. तपासणीत पुढं तेच निघालं, पण तोवर डबे बंद झालेले. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत... अक्का लोकांच्या घरी भांडी घासायला जायची. मला मात्र कॉलेज चुकवू दिलं नाही.

दिवाळीनंतर कधीतरी पहिला डबा परत मागवला तो नरसय्यामामांनी. अक्का गेटवर गेली, तर चार माणसांत मामा ओरडले, 'थांब! आधी बोटं दाखव, मंग डबा!' सगळे खो-खो हसले. अक्कानं डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात उलटेपालटे करून दाखवले, शाळेत नखं दाखवतात तसे. तिला त्यात थट्टा दिसलीच नाही. पुढं हाताखाली बायका घेतल्या तेव्हा तिनं दारात स्टूल टाकलं. रोज सकाळी त्यावर बसून म्हणायची, 'बोटं दाखव गं.' कापलेलं, भाजलेलं, पिकलेलं बोट असलं की त्या दिवशी त्या बाईनं अन्नाला हात लावायचा नाही, मजुरी मात्र पुरी. रात्रीचं सारण, रात्रीची भिजवलेली डाळ उबेला ठेवणं, सगळं बंद.

तेराव्यानंतर मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. बायका कामावर येत होत्या. दारात स्टूल होतं, रिकामं. गंगूबाई त्याच्यासमोर थांबली, दोन्ही हात पुढं धरले, उलटे केले, आणि आत गेली. मागची थांबली, तिच्या मागची थांबली. एकीच्या अंगठ्याला विळीचा काप होता. तिनं तो स्टुलाला दाखवला आणि कुणी काही न सांगता बाहेर सायकलींना डब्यांच्या पिशव्या अडकवायला गेली.

त्या खंडेनवमीनंतर अक्काच्या डब्यानं कुणीही आजारी पडलं नाही. एकही माणूस नाही.