दारातल्या नव्या चपला

ती घटना मी आजही मनातून काढू शकलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, अपघात पाहिले, विहिरीतून काढलेल्या देहांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं हळूहळू पुसट झालं. या प्रकरणात कोणी कोणावर हात उगारला नव्हता, तरी ते आठवलं की हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवावं लागतं.

तेव्हा मी शेगावला पोलीस निरीक्षक होतो. मे महिना, शाळांना सुट्ट्या, दर्शनाला लांबच लांब रांगा. अशा दिवसांत ठाण्यात माणूस हरवल्याची तक्रार रोजची असते. आमचे एक जुने हवालदार अशा वेळी घरच्यांना धीर देताना म्हणायचे, "घाबरू नका बाप्पा. इथं हरवलेला म्हातारा एक तं महाप्रसादाच्या रांगेत भेटते, नाही तं एसटी स्टँडवर झोपेल राह्यते." बहुतेक वेळा ते खरंही व्हायचं.

त्या दुपारी एक कुटुंब आलं. दोन भाऊ, त्यांच्या बायका, तीन मुलं. खामगावजवळच्या एका गावचे, भाजीपाला करणारे लोक. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर काढून रोज बाजारात न्यायचं, हे त्यांचं जगणं. घरच्या जीपने ते कोकणात समुद्र पाहायला गेले होते. सगळ्या घरात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. सत्तरी ओलांडलेले वडीलही सोबत होते. आई मात्र गुराढोरांना पाणी कोण पाजणार म्हणून घरीच राहिली होती. परतताना घरी जाण्याआधी शेगावला दर्शन घ्यायचं ठरलं, आणि गर्दीत वडील हरवले, अशी त्यांची तक्रार.

वर्णन लिहून घेतलं. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, गळ्यात तुळशीची माळ. मिसिंगची नोंद केली, बिनतारी संदेश दिला, मंदिराभोवतीच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवलं. पण त्या वेशातले म्हातारे शेगावात शेकड्यांनी असतात. पडद्यावर टोप्याच टोप्या दिसत होत्या.

एक गोष्ट मात्र तेव्हाच मनाला खटकली. घरातलं माणूस हरवलं की घरचे आधी एकमेकांवर तुटून पडतात. तू हात सोडला, तुमचंच लक्ष नव्हतं, मी सांगत होते. ठाण्यात येईपर्यंत अर्धं भांडण झालेलं असतं आणि उरलेलं ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर होतं. हे लोक एकमेकांना काहीच बोलत नव्हते. विचारलं की थोरला सांगायचा, "बाबा रांगेत आमच्या मागं होते. वळून पाह्यलं तं नव्हते." धाकटाही तेच सांगायचा. बायकाही. मुलंही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची आई येऊ लागली. सकाळच्या बसने यायची, नवऱ्याचा मोठा केलेला फोटो छातीशी धरून बाजारात, धर्मशाळांत, रेल्वे स्टेशनवर फिरायची. थकली की ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची.

"साहेब, त्याईले ऐकू कमी येते," तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मागून हाक मारली तं वळून नाही पाहत. तुमच्या पोराईले समोर जाऊन बोलायले सांगा."

हवालदाराने तिला हसवायचा प्रयत्न केला. "आजी, भांडून तं नाही न गेले म्हातारबा?"

"भांडाले दोघं लागतात," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत मी एकटीच भांडली."

आणि खरोखरच थोडी हसली. मग फोटो पदराने पुसून पुन्हा उठली.

आम्ही दवाखाने पाहिले, जलंबपर्यंतची स्टेशनं पाहिली, नाल्याकाठची झुडपं पाहिली. काही नाही. तिचं येणं थांबत नव्हतं. उन्हाने तिचा चेहरा काळवंडला होता. हा माणूस जिवंत आहे की नाही, एवढं तरी तिला सांगता यावं, असं मला वाटू लागलं.

म्हाताऱ्याचा आणखी एखादा फोटो आणि ओळखीच्या खुणा लिहून घ्याव्यात म्हणून मी हवालदाराला घेऊन त्यांच्या गावी गेलो. दारात बूट काढायला वाकलो आणि तसाच थांबलो. दाराशी चपलांची रांग होती आणि म्हातारीचा झिजलेला जोड सोडला तर त्यातली एकही चप्पल जुनी नव्हती. पोरीच्या गुलाबी चपलेपासून थोरल्याच्या सँडलपर्यंत सगळ्या कोऱ्या. देवळापुढून एखादा जोड चोरीला जातो, सगळ्या घरादाराचे जात नाहीत. एक चप्पल उलटी करून पाहिली. तळाला देऊळगाव राजाच्या एका दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती.

"सगळ्यांच्या एकदम नव्या?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

थोरली सून म्हणाली, "हाव, समुद्रावर जायचं होतं न. म्हणून घेतल्या."

आतून सासूचा आवाज आला. "काऊन वं, जातानी तं जुन्याच होत्या. लहानीचा पट्टा मीच सुईनं शिवून देल्ला."

"रस्त्यात घेतल्या, आत्याबाई," सून म्हणाली आणि आत निघून गेली. दोन्ही भाऊ जमिनीकडे पाहत होते.

मी तिथे पुढे काही विचारलं नाही. पोलिसाने कधी गप्प बसावं, हे नोकरीतच कळत जातं. दुसऱ्या दिवशी हवालदाराला देऊळगाव राजाला पाठवलं. त्यांनी तिथून फोन लावून दुकानदाराच्याच हातात दिला.

"सायेब, चांगलं ध्यानात हाय माझ्या," दुकानदार म्हणाला. "दुकान उघडून बसलो तेवढ्यात जीपमधून समदं घरदार उतरलं. लहानापासून मोठ्यापर्यंत समदे अनवाणी. मी म्हणलं, काय पाव्हणं, पायी नवस फेडला का काय! कोणी हसलं नाही. कोणी भाव केला नाही. पोरं रंगावरून भांडलीसुदिक नाहीत. असं गिऱ्हाईक मला अजून भेटलं नाही."

"सोबत धोतरातला म्हातारा होता का?"

"नव्हता. धाकट्या सुनेनं म्हाताऱ्या माणसाचा एक जोड उचलला व्हता. मोठीनं तिच्या हातातून घेऊन परत ठेवला."

बिलबुक पाहून त्याने तारीखही सांगितली. ही सकाळ होती तक्रार आली त्याच दिवसाची. कोकणातून येताना देऊळगाव राजा शेगावच्या कितीतरी अलीकडे. म्हणजे म्हातारा शेगावला पोहोचलाच नव्हता. घरच्यांनीच माणसाचं काही बरंवाईट केल्याचा संशय आला. शेताचा वाद आहे का, घरात मारहाण होती का, याची गावात गुपचूप चौकशी केली. सगळीकडून एकच उत्तर आलं. पोरं चांगली आहेत, बापाला विचारल्याशिवाय बी पेरत नाहीत.

थोरल्याला एकट्याला ठाण्यात बोलावलं. समोर पाण्याचा पेला ठेवला. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या जुन्या चपला कुठे आहेत?"

त्याने पेला उचलून तसाच परत ठेवला. मग म्हणाला, "बाबाजवळ आहेत, साहेब."

आमच्याकडे देवळात जाताना घरातलं एक माणूस चपला सांभाळत बाहेर बसतं. बहुतेक वेळा म्हातारं माणूस. समुद्रावर गेल्यावर यांनी तेच केलं होतं. पोरांना अनवाणी वाळूत पळायचं होतं, आणि पाण्यात चपला वाहून जातील अशी भीती. किनाऱ्याला एक सपाट, कोरडा खडक होता, त्याच्यापर्यंत वाळूतून चालत जाता येत होतं. म्हाताऱ्याला त्यावर बसवलं, सगळ्यांच्या चपला पिशवीत भरून त्यांच्याजवळ दिल्या. मग मुलं मासे खायचे म्हणून हट्ट धरून बसली. म्हातारे माळकरी, मासळीच्या खानावळीच्या जवळपासही जाणारे नव्हते. त्यांना सांगितलं, पोरांना नावेत फिरवून आणतो.

"मी त्याईच्या कानाजवळ जाऊन म्हटलं, बाबा, इथून हलू नका, नाही तं चुकामूक होईल," थोरला म्हणाला. "ते म्हने, जाय तू, मी बसतो."

"मग?"

"वापस आलो तं खडकच नव्हता, साहेब."

मला आधी ते कळलंच नाही. तो सांगत होता, मी ऐकत होतो, आणि मी जिल्ह्याबाहेर फारसा न गेलेला माणूस, माझ्याही डोळ्यांपुढे तो कोरडा खडकच येत होता. त्यांना वाटलं आपण जागा चुकलो. सगळेजण किनाऱ्याने खडक शोधत फिरले. पुढे गेले, मागे आले, तेव्हा कुठे खडक पाण्याखाली गेल्याचं त्यांना उमगलं. आमच्याकडच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं. दिवसाउजेडी, ढग नाही, पाऊस नाही, अशा वेळी पाणी चढतं हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. भरतीचं पाणी आधी खडकाच्या मागच्या सखल वाळूतून आलं असणार. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, पोहता येत नव्हतं, आणि हलू नका असं सांगितलेलं होतं.

"कोणाला बोलावलं का नाही? पोलिसांना का सांगितलं नाही?"

"काय सांगू? बापाले पाण्यात बसवून मच्छी खायले गेलो, हे सांगू? मायले काय सांगू? ते हरवले म्हटलं तं माय वाट तं पाहीन." मग त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. "पोराईकून गाडीत पाठ करून घेतलं, साहेब. सगळ्या रस्त्यानं."

चांगल्या माणसांच्या तोंडून मी बरंच ऐकलं आहे, पण त्या वाक्यावर मी उठून खिडकीशी गेलो. एवढी लांबची वाट, गाडीत भ्यालेली मुलं, आणि त्यांचा बाप त्यांच्याकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो आहे.

किनाऱ्यावरच्या ठाण्यांना फोन लावले. एका ठाण्यात अनोळखी मृतदेहाची नोंद मिळाली. अकस्मात मृत्यू म्हणून दाखल करून, नमुने राखून, त्यांनी रीतसर अंत्यसंस्कारही उरकले होते. तिथले अधिकारी म्हणाले, "वारस सापडेना. मनगटाला पिशवीचे बंद गुंडाळलेले होते आणि पिशवीत नुसत्या चपला. लहान मुलांच्याही. आम्ही चपला विकणारा फिरता माणूस समजून बाजारांमध्ये चौकशी केली."

"पिशवी उघडी होती?"

"नाही. उपरण्याने तोंड घट्ट बांधलेलं होतं."

मी फोन ठेवला आणि हवालदाराला सांगितलं. पाणी वर येताना त्या माणसाला काही वेळ मिळाला होता, आणि तो त्याने गाठ मारण्यात घालवला होता.

पुढचं कायद्याप्रमाणे झालं. तिथून आलेल्या फोटोवरून आणि माळेवरून मुलांनी ओळख पटवली, जबाब झाले, कागदपत्रं तिकडच्या ठाण्याकडे वर्ग केली. पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल भावांवर आम्ही कारवाई केली. पण त्याआधी आईला सांगायचं होतं. भाऊ म्हणाले, तुम्हीच सांगा. मी एका महिला शिपायाला घेऊन गेलो आणि त्या दोघांना तिच्यासमोर बसवलं.

ती शेगावहून नुकतीच परतली होती. फोटो अजून मांडीवर होता. मी तिच्या समोर बसून सगळं सांगितलं. खडक, भरती, मृतदेह, अंत्यसंस्कार. काही झाकलं नाही. महिला शिपाई तिला धरायला पुढे सरकली, पण तिने मानेनेच नको म्हटलं. ती रडली नाही. थोरल्याकडे पाहून तिने विचारलं, "जेवले होते का ते?"

धाकटा म्हणाला, "नाही, माय. त्याईच्यासाठी पुरीभाजी बांधून घेतली होती. तेच घेऊन येऊन राह्यलो होतो."

"मंग त्या पुरीभाजीचं काय केलं?"

थोरली सून दाराआडून अगदी हळू म्हणाली, "रस्त्यात पोराईले देल्ली, आत्याबाई. भुकेले होते."

मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, छाती बडवेल. तिने फोटो उचलून बाजूला ठेवला.

"बरं केलं," ती म्हणाली. "पोरं उपाशी नाही ठेवावं."

आणि मग ती रडली.

गाडीत बसल्यावर महिला शिपाई म्हणाली, "साहेब, नवरा कसा गेला ते ऐकलं आणि जेवणाचं विचारत बसली. धक्क्यानं भान गेलं असेल तिचं." मीही तेव्हा मान हलवली. या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं जबाब जुळण्याबद्दल सांगायचो. भांडत नसलेल्या घरच्यांवर लक्ष ठेवा, असं नव्या फौजदारांना सांगायचो. ते खरंच आहे.

मागच्या वर्षी माझी पत्नी दवाखान्यात वारली. मी घरून तिचा डबा घेऊन पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर कारणं समजावून सांगत होते आणि मी नर्सला विचारलं, "सकाळचा चहा घेतला होता का तिने?" नर्स गोंधळली. मग आठवून म्हणाली, "हो, थोडा घेतला. साखर कमी आहे म्हणाल्या."

तेव्हा मला ती बाई समजली. तिचं भान गेलेलं नव्हतं. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला त्याचा शेवटचा दिवस हवा असतो, वाईट असला तरी सगळा. मुलांना वाटलं, ते आईसाठी आशा राखून ठेवत आहेत. तिचा नवरा उपाशी गेला, हे तिला माहीत असायला हवं होतं. ते त्यांनी तिच्यापासून लपवलं, आणि ती उन्हात फोटो घेऊन फिरत राहिली.